डोंगराला डोंगर दिसतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रविवार हा ज्योतिबाचा वार. त्या दिवशी डोंगरावर पहाटेपासून गर्दी असते. गुलाल, खोबरं, दवणा आणि ‘चांगभलं’चा गजर. २१ डिसेंबर २००८ च्या रविवारी मी त्या गर्दीतून वाट काढत, देवळाकडे न जाता, वाडी रत्नागिरीच्या पठाराच्या पूर्वेकडच्या कडेला जाऊन बसलो होतो. जवळ मोटारसायकलची बॅटरी, जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, बांबूला बांधलेली टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखी दिसणारी काटेरी अँटेना आणि चहाचा थर्मास. एक म्हातारे शेतकरी बराच वेळ माझ्याकडे बघत उभे होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

‘‘काय पाव्हणं, म्याच लावताय काय?’’

त्या दिवशी मोहालीला कसोटी सामना चालू होता, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ‘‘नाही मामा, सांगलीकडच्या दंडोबाच्या डोंगराशी बोलायचंय.’’ त्यांनी पूर्वेच्या धुक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘मग मोबाईल न्हाई व्हय तुमच्याकडं?’’

या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आज सतरा-अठरा वर्षांनंतर ते देण्याचा प्रयत्न करतो आहे.

मी हौशी रेडिओचालक आहे. आमच्या भाषेत हॅम. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि नेमून दिलेल्या पट्ट्यांत, पैशासाठी नव्हे तर प्रयोगासाठी आणि मैत्रीसाठी, बिनतारी संभाषण करायचं. आमच्यातले बहुतेक जण लघुलहरींवर असतात. घरच्या गच्चीवर तार बांधली की रशिया, जपान, ब्राझील सापडतात. मला मात्र वेड लागलं ते अगदी आखूड लहरींचं, म्हणजे मायक्रोवेव्हचं. माझ्या त्या पेटीतून निघणाऱ्या लहरीची लांबी होती तेवीस सेंटिमीटर. आपल्या जुन्या मापात बरोबर एक वीत.

या वीतभर लहरीचा स्वभाव मोठा सरळमार्गी. लांब लहरी डोंगराला वळसा घालून जातात. लघुलहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून हजारो मैल पलीकडे उतरतात. ही लहर यातलं काहीच करत नाही. ती उजेडासारखी सरळ जाते. वाटेत डोंगर आला की संपली. म्हणून मग माणसानंच डोंगरावर चढायचं. हिशेब सोपा आहे. भोवतालच्या सपाटीपासून आपण किती मीटर उंच आहोत त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला चारनं गुणायचं. जवळजवळ तेवढे किलोमीटर आपली लहर पोचते. ज्योतिबा खालच्या शिवारापासून सुमारे चारशे मीटर उंच धरला तर वर्गमूळ वीस, गुणिले चार, म्हणजे ऐंशी किलोमीटर. दंडोबा सरळ रेषेत पासष्ट-सत्तर किलोमीटरवर. गणित जमत होतं.

खरं तर आदल्या रविवारी आम्ही हाच प्रयोग पन्हाळ्यावरून केला होता. तो सपशेल फसला. मी तटावर बसून तीन तास हाका मारल्या, तिकडे दंडोबावर सांगलीचा माझा मित्र कान लावून बसला होता, आणि दोघांनाही सुस्काऱ्याखेरीज काही ऐकू आलं नाही. दुपारी थकून मान वर केली तेव्हा उत्तर समोरच दिसलं. पन्हाळ्याच्या पूर्वेला, जवळजवळ तेवढ्याच उंचीचा, ज्योतिबाचा डोंगर उभा होता. जन्म कोल्हापुरात गेला, पण या दोन डोंगरांपैकी कोण कोणाच्या आड येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

शिवकालातल्या किल्लेदाराला ते नक्की ठाऊक असणार. १६७० च्या फेब्रुवारीत मावळ्यांनी सिंहगड घेतला, तेव्हा गडावरच्या पागेला आग लावून राजगडावर महाराजांना खूण दिली, असं सभासदाच्या बखरीत आहे. राजगडावरून सिंहगड दिसतो, म्हणून ती खूण पोचली. आमच्या जिल्ह्यातली गोष्ट वेगळी. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. महाराज पोचल्याची खूण म्हणून विशाळगडावर तोफा झाल्या, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. तिथे जाळ का केला नाही? दिवस आषाढाचे, पाऊस, धुकं, मधे दऱ्याखोऱ्या. जाळ दिसलाच नसता. आवाज मात्र दरीला वळसा घालून येतो. सिंहगडची आग आणि विशाळगडची तोफ यांत जो फरक, तोच मायक्रोवेव्ह आणि लांब लहरीत आहे. एक सरळ जाते, दुसरी वळते. एवढं लक्षात ठेवलं की रेडिओचा पुढचा सगळा इतिहास समजायला सोपा जातो.

त्या इतिहासाची सुरुवातच मुळी आखूड लहरींनी झाली, आणि तीही आपल्या देशात. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ पासून अगदी आखूड लहरी निर्माण करण्याचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या लहरी पाच मिलिमीटरपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढ्या ते बोटाच्या दोन पेरांएवढ्या. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. मधल्या भिंती ओलांडून लहर गेली, पलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी व्याख्यान देऊन आपली उपकरणं दाखवली. लहरी गोळा करणारं त्यांचं पितळी नरसाळं पाहिलं, की आजच्या मायक्रोवेव्ह अँटेनांचा तो पणजोबा आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

मग ही विद्या पुढे का गेली नाही? कारण जगाला तेव्हा समुद्र ओलांडायचा होता. जहाजांना किनाऱ्याशी बोलायचं होतं, साम्राज्यांना वसाहतींशी. मार्कोनीनं डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संकेत पाठवला तो लांब लहरींवर. वळून जाणाऱ्या लहरींची चलती झाली, मनोरे उंच होत गेले, यंत्रं घराएवढी झाली. बोसांची सरळ जाणारी लहर टेबलावर राहिली. बोस स्वतःही वनस्पतींच्या संशोधनाकडे वळले.

इथून पुढे हौशी मंडळी या गोष्टीत येतात. १९१२ साली अमेरिकेनं कायदा करून हौशींना दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकललं. कारण सरळ होतं. त्या लहरी बिनकामाच्या आहेत असा तज्ज्ञांचा समज होता. गावकुसाबाहेरची पडीक जमीन द्यावी तसंच हे. पण पडीक जमिनीत पाणी लागलं. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशींचे संकेत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये शंभर-एक मीटरच्या लहरीवर अमेरिका आणि फ्रान्समधल्या हौशींनी समोरासमोर बसल्यासारखं संभाषण केलं. मग मात्र कंपन्या आणि सरकारं धावत आली. त्याचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. २३ जुलै १९२७ रोजी ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यातली लघुलहरींची बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचं प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होतं आणि ग्रहण केंद्र दौंडला. ज्या लहरी बिनकामाच्या म्हणून हौशींच्या पदरात टाकल्या, त्यांच्या भाऊबंदांवर पंधरा वर्षांत साम्राज्याचा कारभार चालू लागला.

याहून आखूड लहरींची पाळी नंतर आली. मार्च १९३१ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्सच्या अभियंत्यांनी डोव्हर आणि कॅले यांच्या दरम्यान, खाडीच्या दोन्ही तीरांवरून, सुमारे अठरा सेंटिमीटरच्या लहरीवर बोलून दाखवलं. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवला. मुठीत मावेल अशा तांब्याच्या ठोकळ्यातून दहा सेंटिमीटरच्या जोरदार लहरी निघू लागल्या. त्यातून विमानात बसवता येईल असं रडार झालं. आज स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये जे भाजी गरम करतं, ते त्याचंच वंशज. महायुद्ध चालू असताना हिंदुस्थानातल्या हौशींचे परवाने मात्र रद्द झाले होते. जे काही चाललं ते सैन्याच्या तंबूत.

याच युद्धकाळातली एक हकीकत मला फार आवडते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या रडारला उन्हाळ्यात कधी कधी अरबस्तानचा किनारा दिसायचा. हजाराहून अधिक किलोमीटर दूरचा! दीड मीटरच्या सरळमार्गी लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून इतक्या लांब गेल्या कशा? उत्तर हवेत होतं. समुद्रालगतच्या दमट, गार हवेवर जमिनीकडून आलेली कोरडी, गरम हवा पसरली की मधे जणू छप्पर तयार होतं. लहर त्या छपराखालून, पाटातून पाणी जावं तशी, जमिनीला धरून जात राहते.

हे छप्पर पाहायला रडार लागत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला ज्योतिबाच्या कडेवर उभं राहा. खाली करवीर, हातकणंगल्याच्या शिवारात गुऱ्हाळं पेटलेली असतात. चुलवाणाचा धूर सरळ वर चढतो आणि एका उंचीला येऊन कोणी हातानं दाबावा तसा आडवा पसरतो. एका गुऱ्हाळाचा धूर दुसऱ्याला मिळतो आणि शिवारावर पांढरी चादर होते. तिच्याखाली रात्रभर निवलेली गार हवा, वर तुलनेनं उबदार. जिथे धूर अडतो तिथेच आमच्या लहरीचीही वाट वाकते. ऊन चढलं की चादर विरते आणि छप्परही जातं.

तर त्या रविवारी, आठ वाजायच्या सुमाराला, मी पूर्वेकडे अँटेना धरली आणि आमची सांकेतिक नावं घेऊन हाक मारली. दुसऱ्या हाकेला पेटीतून मित्राचा आवाज आला. खरखर नाही, सुस्कारा नाही, मिरजेच्या बाजूची सगळी लकब कायम.

‘‘अरे, देवाच्या दारात बसलास म्हणून लगेच पावला बघ!’’

माझ्या पेटीची ताकद होती एक वॅट. विजेरीतल्या लहान दिव्याएवढी. मधे ना तार, ना मनोरा, ना उपग्रह, ना बिल पाठवणारं कुणी. मी शेतकरीमामांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, ‘‘तिकडं ऊसतोड सुरू झाली का इचारा की.’’ मी विचारलं. दंडोबाखालच्या कुठल्या शिवारात तोड चालू आहे याचा तपशील आला. मामा खूश झाले. तेवढ्यात एक पोलीस आले. मुंबईवरच्या हल्ल्याला अजून महिना झाला नव्हता आणि मी डोंगराच्या टोकाला वायरलेस घेऊन बसलो होतो. त्यांचं चुकलं नाही. मी परवाना दाखवला, कागद दाखवले. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि जाता जाता विचारलं, ‘‘साहेब, हे मुलांना शिकायला मिळतं का?’’

मग मित्र डोंगर उतरून मिरजेच्या बाजूला सपाटीवर आला. आता आमच्यातली रेषा उसाच्या तुऱ्यांना घासून जात होती. साडेआठला आवाज खणखणीत होता. नऊनंतर तो लाटेसारखा वर-खाली होऊ लागला. दहाला कुजबुज उरली आणि सव्वादहाला तीही गेली. मी खाली पाहिलं. गुऱ्हाळांच्या धुराची चादर विरून गेली होती. पुस्तकात वाचलेली गोष्ट डोळ्यांनी आणि कानांनी एकाच वेळी कळण्याचा तो आनंद कोणत्या शब्दांत सांगू?

जगभरात असे डोंगरवेडे पुष्कळ आहेत. युद्धानंतर लष्करी भंगारातून मिळालेल्या वस्तूंवर त्यांनी सुरुवात केली. १९६३ साली गन या शास्त्रज्ञानं अर्धवाहकाच्या छोट्या तुकड्यातून मायक्रोवेव्ह लहरी निघतात हे दाखवलं आणि पुढच्या दशकात तीन सेंटिमीटरच्या लहरींची यंत्रं हौशींच्या पिशवीत मावू लागली. २०१० साली पोर्तुगाल आणि केप व्हर्दे बेटं यांच्यात तीन सेंटिमीटरवर सुमारे २,७०० किलोमीटरचं संभाषण झालं, तेही समुद्रावरच्या त्याच हवेच्या छपराखालून. आपल्या गच्चीवरच्या डिशच्या तोंडाशी जो छोटा डबा असतो, तोही असल्याच लहरी पकडतो. जुना डबा फेकून न देता त्यावर प्रयोग करणारी मुलं मी पाहिली आहेत.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती माझ्यावरच येते.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची, पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. तिकडे कृष्णेनं सांगलीत घरं बुडवली. माझा मित्र सांगलीत. वीज नाही, मोबाईलची बॅटरी संपली, दोन दिवस त्याचा पत्ता नाही. त्याच्या सुनेचा माहेरहून मला फोन : ‘‘काका, तुमचं ते वायरलेस आहे ना? त्यावर बघा ना.’’

मी माळ्यावर चढलो. पेटी होती. बॅटरी केव्हाच मेलेली. अँटेनाचे सांधे गंजलेले. मोबाईलच्या सोयीत आम्ही गेली कित्येक वर्षं डोंगर चढलो नव्हतो. आणि सगळं ठीक असतं तरी काय उपयोग होता? ज्योतिबाला जायचं तर पंचगंगा ओलांडायला हवी, आणि पलीकडचा रस्ता पुरात. ज्या डोंगरावरून मला दंडोबा दिसतो, त्या डोंगराकडे पुराच्या दिवसांत मला जाताच येत नाही, हे तेव्हा कळलं. पन्हाळ्यावर झाली होती तीच चूक, अकरा वर्षांनी पुन्हा. सुनेला मी काय सांगितलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. तो शेजारच्या दुमजली घरात सुखरूप होता. आमच्या विद्येचा त्यात काडीचाही वाटा नव्हता.

पाणी उतरल्यावर आम्ही दोघांनी एक वही केली. नदीच्या अलीकडून, म्हणजे कोल्हापूर शहरातून पूर असतानाही पोचता येईल अशा उंच जागा कोणत्या, आणि तिथून सांगलीच्या बाजूची कोणती उंच जागा ‘दिसते’, हे एकेक करून तपासलं. मोरेवाडीच्या माळावरून कधी जमतं, कधी नाही. कात्यायनीच्या बाजूच्या टेकड्यांवरून दिशा बदलावी लागते. प्रत्येक जागेपुढे तारीख, वेळ, हवा आणि आवाज कसा आला त्याचा शेरा. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पंचावन्न फुटांच्या वर गेलं, तेव्हा निदान बॅटरी भरलेली होती आणि वहीतलं कोणतं पान उघडायचं हे माहीत होतं. त्या खेपेला फोन चालू राहिले, वहीची गरज पडली नाही. तशी ती कधीच पडू नये.

आणखी एक बदल झाला आहे. ज्या आखूड लहरी एके काळी कोणाला नको होत्या, त्या आता सोन्याच्या झाल्या आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारतात फाइव्ह-जीसाठीचा लिलाव पूर्ण झाला, सरकारला सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली मिळाली. त्यात ३३०० मेगाहर्ट्झपासून वरचा पट्टा होता. हौशींच्या जुन्या यादीत ३३०० ते ३४०० हा तुकडा आमचाही होता. त्याच लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही गेला. ती लहर साडेअकरा मिलिमीटरची, म्हणजे बोसांनी १८९५ च्या सुमाराला टेबलावर खेळवलेल्या लहरींपैकीच. मोबाईलला वाईट म्हणण्याचा माझा हेतू नाही, मीही तो खिशात घेऊनच डोंगर चढतो. त्याच्या मनोऱ्यांवरचे गोल ढोलही डोंगराडोंगरांवरून एकमेकांना पाहूनच बोलत असतात. पण कोणाला कोण दिसतं हे ज्ञान कंपनीच्या नकाशात गेलं आणि गावातून गेलं, तर मनोरा आडवा झाल्यावर सांगणारं कोणी उरणार नाही. कोपऱ्यातला एखादा पट्टा हौशींसाठी मोकळा राहावा असं मला वाटतं ते एवढ्यासाठी. पडीक म्हणून दिलेल्या जमिनीत पूर्वीही पाणी लागलं होतं.

शेतकरीमामांच्या प्रश्नाला माझं उत्तर हे असं आहे. मोबाईल होता, मामा. पण तुमच्या डोंगरावरून काय दिसतं ते मोबाईलनं मला कधी सांगितलं नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला आम्ही दोघं दोन टेकड्यांवर असतो. मित्राला गुडघ्यांमुळे चढवत नाही, त्याची नात पेटी घेऊन वर जाते आणि तो खाली गाडीत बसून सूचना देतो. ती परीक्षेची तयारी करते आहे. परवाना हाती येईपर्यंत तिनं फक्त ऐकायचं, बोलायचं नाही, असा नियम आहे आणि ती तो पाळते. गेल्या खेपेला तिनं मला संध्याकाळी फोन करून विचारलं, ‘‘आजोबा, नऊ वाजून दहा मिनिटांनी तुमचा आवाज एकदम वाढला. तुमच्याकडे तेव्हा धूर कसा होता?’’ मी पाहिलंच नव्हतं. वहीत तो रकाना नव्हता. आता घातला आहे.